कणसांचा पदर

लंकाबाईच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. माहेरी, जामखेडकडे, लहानपणी कडबा तोडताना गेली. ती हात लपवत नसे आणि मुद्दाम दाखवतही नसे. चहाची बशी त्याच हातानं धरायची, हातोडीही त्याच हातानं मारायची.

मी याकोब. नगरला तोफखाना भागातल्या एका विणकर सोसायटीत फिटर होतो. माग अडला की मला हाक. लंकाबाई तिथं पत्ते पाडायची. हे काम आता फार कुणाला ठाऊक नसतं, म्हणून आधी सांगतो.

साडीच्या पदरावर मोर किंवा वेल विणायची तर मागावर जकार्ड बसवावं लागतं. जकार्डाला चित्र कळत नाही. त्याला फक्त भोकं कळतात. पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या असतात, त्यांना आम्ही पत्ते म्हणायचो. पत्त्यावर भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो. आडव्या प्रत्येक धाग्याला एक पत्ता. सगळे पत्ते दोरीनं एकापुढे एक ओवून साखळी करायची आणि ती जकार्डावर चढवायची. साखळी फिरते आणि नक्षी कापडात उतरते. एक भोक चुकलं तर ती चूक प्रत्येक साडीत पुन्हा येते. हल्ली कॉम्प्युटरवाली पोरं करतात ते याच जातीचं काम, असं मला एकानं सांगितलं. असेल.

ही भोकं लंकाबाई हातानं पाडायची. दोन जाड पोलादी पाट्या, दोन्हींना सगळीकडे छिद्रं. मध्ये पुठ्ठा धरायचा. समोर चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवलेली. रंगलेलं घर आलं की त्या छिद्रात सुंबा, म्हणजे भोक पाडायची पोलादी कांडी, ठेवायचा आणि हातोडी मारायची. पुढचं घर, पुढची हातोडी. हे काम करणाऱ्याची आधी मान जाते, मग कान.

ती सोसायटीत आली होती कांड्या भरायला, म्हणजे कांड्यांवर सूत गुंडाळायला. नवरा भिमाजी स्टेशनवर हमाल. पत्ते पाडायला तेव्हा एक म्हातारे मास्तर होते. त्यांची नजर अधू झाली, म्हणून कागदावरची घरं वाचून दाखवायला हिला बसवलं. ही वाचायची, मास्तर ठोकायचे. पुढं ही वाचायची आणि हीच ठोकायची, मास्तर नुसते शेजारी बसायचे. मास्तर वारले तेव्हा त्यांचा पाट हिच्याकडे आला. मानानं कुणी दिला असं नाही. दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं.

तिच्या समोर बनुबाई बसायची. पत्ते ओवायचं काम तिचं. तिचा हात वेगानं चालायचा आणि तोंड त्याहून वेगानं.

बहात्तरचा दुष्काळ सरला. पुढच्या साली पीक आलं आणि अडलेली लग्नं एकदम निघाली. राजूरच्या बाजारापासून जामखेडपर्यंतचे कापडवाले नव्या पदराच्या साड्या मागू लागले. साड्या विणायला विणकर होते, सूत होतं, माग होते. पत्ते नव्हते. लंकाबाई सकाळपासून ठोकायची तरी दिवसाकाठी मूठभर पत्ते व्हायचे. एक पदर तयार होईपर्यंत चार माग रिकामे उभे. विणकर येऊन तिच्या पाटाशी उभे राहायचे. बोलायचे नाहीत, पण उभे राहायचे.

तिचा स्वतःचा एक पदर कागदावर तयार होता. जोंधळ्याची कणसं. साध्या नक्षीत तेच पत्ते फिरून फिरून येतात, थोडक्यात भागतं. हिची कणसं एकासारखी एक नव्हती. एक भरलेलं, एक अर्धं, एकावर पाखरू बसलेलं. त्याला इतके पत्ते लागणार होते की हातानं पाडेपर्यंत लग्नसराई संपली असती. कागद गुंडाळून तिनं आढ्याला खोचून ठेवला होता.

अशा वेळी आमचे चेअरमन काकासाहेब सोलापूरला जाऊन आले. तिथं एका बंद पडलेल्या गिरणीत पत्ते पाडायचं मशीन विकायला होतं. गिरणीवाले म्हणाले, पंधरा दिवस नेऊन बघा, पटलं तर ठेवा.

आमच्या सोसायटीत एक रीत होती. कुठलीही वस्तू ज्याच्या हाताखाली जाणार, त्यानं सभेत उभं राहून ‘घ्या’ म्हणायचं, मगच ती घ्यायची. ही रीत कुणी कागदावर लिहिली नव्हती. एकदा कमिटीनं विणकरांना न विचारता नव्या फण्या आणल्या होत्या. फण्या धागे तोडायच्या. विणकरांनी त्या सगळ्या काकासाहेबांच्या दारावर तोरणासारख्या टांगल्या. तेव्हापासून रीत पडली.

म्हणून मशीन आलं तेव्हा सगळ्यांची नजर लंकाबाईकडे गेली.

मशीन आमच्या चर्चमधल्या पायपेटीसारखं दिसायचं. पुढं स्टूल, खाली पायानं दाबायची पावडी, वर बोटांचे खटके. दोन्ही हातांच्या आठ बोटांना आठ खटके, दोन अंगठ्यांना दोन. कागदाची ओळ वाचायची, त्या त्या बोटांनी खटके दाबायचे, पाय मारायचा. ओळीतली सगळी भोकं एका दमात पडतात. पत्ता आपोआप एक घर सरकतो. सोबत सोलापूरचा मिस्त्री आला होता. तो बसला आणि पेटी वाजवावी तसे पत्ते पडू लागले. विणकर ‘वा वा’ म्हणाले. लंकाबाई मशीनकडे बघतच नव्हती. ती मिस्त्रीची बोटं बघत होती.

“बसता का, लंकाबाई?” काकासाहेब म्हणाले.

ती बसली. हात खटक्यांवर ठेवले. तेव्हा मिस्त्रीला दिसलं.

“मावशी,” तो बेतानं म्हणाला, “याला सगळी बोटं लागतात हो. करंगळीचा खटका राहिला तर प्रत्येक ओळीतलं आठवं घर कोरं जाईल.”

सहादेव विणकर मागून म्हणाला, “आमच्याकडं एक कमी हाय मिस्त्री. सोलापूरवरनं पाठवून द्या, मशीनसंगं.”

हशा झाला.

“सहादेवा,” लंकाबाई मान न वळवता म्हणाली, “तुजी तर सगळी शाबूत हायेत. मग तुज्या साडीचा काठ वाकडा का येतो?”

हशा फिरून सहादेवावर गेला. तोही हसला. पण मिस्त्रीचं म्हणणं खरं होतं. तिनं पाडलेले पत्ते बनुबाईनं ओवले, मी एका मागावर चढवले, आणि वीतभर कापडात सगळ्यांना दिसलं. नक्षीतून उभ्या बारीक रेघा गेलेल्या, थेट वरपासून खालपर्यंत. गव्हात किडे पडावेत तशी नक्षी पोखरलेली.

काकासाहेब वाईट माणूस नव्हते. तिला बाजूला घेऊन म्हणाले, “मशीन आपल्याला लागंल, लंकाबाई. मिस्त्री इथंच राहायला तयार हाये. तुमी बनुबाईसंगं ओवायला बसा. पगार तोच राहील. सभेत मग मिस्त्रीच ‘घ्या’ म्हणंल.”

ती म्हणाली, “सभेला अजून टाइम हाय.”

दुपारी भाकरी सोडताना बनुबाई तिच्यावर तुटून पडली. मी जवळच माग उघडून बसलो होतो.

“अगं, आज तरी तो पाट तुजा हाय. काकासायबाच्या मागं लाग, म्हन, मीच बोलनार सभेत. आन ‘न्हाई’ म्हनून मोकळी हो. मशीन गेलं सोलापूरला, तुजी जागा तुला.”

“आन माग?”

“मागाचं काय?”

“पत्ते न्हाईत म्हनून ते उभे हायेत. मी न्हाई म्हटलं तर माज्यामुळं उभे राहतील. रोज दिसतील मला.”

“मग ‘घ्या’ म्हन आन बस माज्याजवळ दोऱ्या ओवत.”

“तुज्याजवळ? दिवसभर तुजी बडबड ऐकू? त्यापरीस मशीन शिकलेलं बरं.”

बनुबाईनं तिला कांदा फेकून मारला. लंकाबाईनं तो झेलला आणि खाल्ला.

त्या दिवसापासून ती कामावर लवकर यायची आणि मिस्त्री येईपर्यंत मशीनवर बसायची. आधी तिनं शेजारच्या बोटाला दोन खटके द्यायचं ठरवलं. बोट ताणून पलीकडचा खटका दाबायला गेली की अलीकडचाही दबायचा. भोक नको तिथं भोक. मग बोट उचलून पलीकडे न्यायची, तर ओळीचा ताल तुटायचा आणि पाय आधीच पडायचा. पत्ते फुकट जायचे. चुकलेल्या भोकावर कागद चिकटवून दुरुस्ती करता येते, मिस्त्रीसुद्धा करायचा. ती करत नसे. पत्ता फाडायची आणि नवा घ्यायची.

“पुठ्ठा झाडाला लागतो का?” बनुबाई ओरडायची.

“ठिगळ लावलं की हाताला सवय लागती,” ती म्हणायची.

मी मेहनत करणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. बरेच जण तीच चूक जास्त जोरात करतात आणि तिला मेहनत म्हणतात. लंकाबाई चार वेळा चुकली की थांबायची. हात मांडीवर ठेवायची आणि बघत बसायची. मला ते आवडायचं.

रविवारी चर्चमधून मी थेट शेडमध्ये गेलो. एका मागाचा दांडा बदलायचा होता आणि सुट्टीच्या दिवशी शेड शांत असते. लंकाबाई मशीनवर होती, बनुबाई शेजारी शेंगा सोलत होती. लंकाबाई काही पाडत नव्हती. नुसती बोटं हलवत होती, पाय मारत होती, पुठ्ठ्याशिवाय.

“याकोबभाऊ, ह्यो उजवा अंगठा बगा.”

“काय झालं त्याला?”

“काय न्हाई झालं. तेच म्हनते. पत्त्याच्या टोकाला दोरीची भोकं पाडायची तेवढंच त्याला काम. सुरवातीला एकदा, शेवटी एकदा. बाकीची बोटं राबत्यात आन ह्यो पाटलावानी बसून हाय.”

बनुबाई म्हणाली, “मग पाटलाला कामाला लाव.”

“तेच सांगते भाऊला. करंगळीच्या खटक्याचं शेपूट अंगठ्याजवळ आनता येईल का?”

मी वाकून बघितलं. येण्यासारखं होतं. मोडीतल्या मागाची एक लोखंडी पट्टी शोधली, तापवली, वाकवली. मशीन अजून आमचं नव्हतं, म्हणून त्याला कुठंही भोक पाडलं नाही. पट्टी खटक्याला पकडीनं आवळली. पहिली पट्टी फसली. ती अंगठ्याच्या खटक्याला घासत होती. लंकाबाईनं दाबलं तर दोन्ही एकदम पडले आणि पत्त्याच्या मधोमध दोरीचं मोठं भोक झालं.

“पाटील दोन्हीकडं हात मारतोय,” बनुबाई म्हणाली.

दुसरी पट्टी मी बाहेरून वळसा देऊन आणली. आता अंगठा आत ठेवला तर त्याचं स्वतःचं काम, बाहेर सरकवला तर करंगळीचं. लंकाबाईनं एक ओळ पाडली. मग दुसरी. मग पत्ता काढून उजेडाला धरला. करंगळीच्या घरात भोकं होती, जिथं हवी तिथं. तिनं पत्ता बनुबाईकडे दिला, बनुबाईनं माझ्याकडे. लंकाबाईनं पदर खोचला, आढ्याचा कागद काढला आणि मशीनसमोर लावला.

“कनीस?” बनुबाई म्हणाली. “अगं, सभेला साधी कोयरी दाखव. हे कवा पुरं व्हायचं?”

“कोयरी हातानं व्हती. तिच्यासाठी मशीन कशाला घ्यायचं?”

मिस्त्री सोमवारी आला. पट्टी बघितली, अंगठा सरकवून बघितला आणि हसला. “मावशी, माझी सोलापूरची गाडी चुकवू नका म्हणजे झालं. पोरंबाळं तिकडं आहेत माझी.” मग स्वतः स्टूल सोडून तिला पुठ्ठे कापून द्यायला बसला.

आठवडाभर तिनं काम ओढलं. सुरुवातीला खटक्यांचा आवाज अडखळत यायचा. लंगड्या बैलाची गाडी चालावी तसा. शेडमध्ये काम करता करता माझा कान तिकडे असायचा. दोन दिवसांनी अडखळणं कमी झालं. मग एका सकाळी मी माग सोडवत होतो आणि लक्षात आलं की आवाज सरळ येतोय. मी मान वर करून बघितलं, मिस्त्री तर बसला नाही ना. मिस्त्री दारात चहा पीत होता.

सभा शेडमध्येच भरली. सगळे विणकर, कमिटी, कांड्या भरणाऱ्या बाया. लंकाबाईची साखळी मी सहादेवाच्या मागावर चढवली होती. तिनंच सांगितलं होतं, त्याच्याच मागावर चढवा. सहादेव बसला आणि विणू लागला. सगळे भोवती वाकले.

रेघा नव्हत्या. नक्षी साफ उतरत होती. आधी पाखराचं डोकं आलं, मग अंग. मग पाय आले, आणि त्यांच्यावर कणसाचे दाणे भरत गेले. पाखराचे पाय वर, डोकं खाली.

सहादेवाचे हात थांबले. “लंकाबाई, तुमचं पाखरू उताणं पडलंय.”

“दुस्काळातलं असंल,” कुणीतरी म्हणालं. हसू पसरलं. काकासाहेबांचा चेहरा उतरला. कणसंही सगळी उलटी लोंबत होती. मिस्त्री पुढे होऊन कागद बघू लागला.

लंकाबाई मागाशी गेली. कापडावर नाक टेकेल इतकी वाकली. बोटानं कणीस चाचपलं, दाणा दाणा. मग सरळ उभी राहिली.

“भोक एक बी चुकलेलं न्हाई,” ती म्हणाली. आणि वळून, “बनू, साखळी कुठनं धरलीस?”

“रोजच्यासारकी. ढिगाच्या वरनं.”

लंकाबाईनं कपाळावर हात मारला. मग मलाही उमगलं. हातकामात ती पाडलेला पत्ता ढिगावर ठेवायची, शेवटचा पत्ता सगळ्यात वर. बनुबाई वरून ओवत यायची, म्हणजे शेवटचा पत्ता मागावर आधी लागायचा. मास्तरांच्या काळापासून हेच. म्हणून लंकाबाई नक्षी शेंड्याकडून वाचायची, म्हणजे विणताना बुडाकडून चढते. मशीन मात्र पाडलेला पत्ता ढिगाच्या खाली सरकवायचं. पहिला पत्ता वरच राहायचा. बनुबाईनं वरून धरलं आणि शेंडा आधी विणला गेला. लंकाबाई खटके शिकली, पण ढीग उलटा झाला हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

“माजी चूक,” लंकाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “तिला मी सांगायला पायजे हुतं. याकोबभाऊ, साखळी उलटी फिरवा.”

त्याला वेळ लागत नाही. विणलेलं उसवायचं तेव्हा आम्ही जकार्ड उलटं फिरवतोच. मी दांड्याचा खटका बदलला. साखळी मागं चालू लागली. सहादेवानं धोटा फेकला.

आता बूड आलं. मग दांडा. दांड्याच्या अंगची दोन पानं. मग कणीस भरत भरत वर चढलं, आणि त्याच्या शेंड्यावर पाखरू आलं, पायावर उभं, चोच दाण्यात. बाजूचं कणीस अर्धं, त्याच्या बाजूचं टच्च भरलेलं. बायांमधून ‘अगं बाई’ असा आवाज आला. दुष्काळात ज्यांनी दोन वर्षं शेतात कणीस पाहिलं नव्हतं, त्या बाया होत्या. एकीनं हात लावून बघितलं.

सहादेव विणतच राहिला. कुणी थांब म्हणेना.

शेवटी काकासाहेब म्हणाले, “थांब रे. सभा हाये.” आणि घसा खाकरून रीतीप्रमाणे विचारलं, “वस्तू कुणाच्या हाताखाली जाणार?”

“माज्या,” लंकाबाई म्हणाली. हात वर केला. तोच, चार बोटांचा.

“घ्यायची का?”

“घ्या.”

शेड दणाणली. बनुबाईनं रडत रडत शिव्या दिल्या, कुणाला ते कळलं नाही. सहादेव मागावरून उठला आणि ओरडून म्हणाला, “हा पदर आधी माज्या मागाला! मी पयल्यांदा विनलाय!”

“काठ सरळ काढशील तर,” लंकाबाई म्हणाली.

मिस्त्री संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरला गेला. जाताना तिनं त्याला कणसांच्या पदराची पहिली साडी त्याच्या बायकोसाठी कबूल केली आणि महिन्याभरात पाठवलीही. त्या सराईत आमचा एकही माग पत्त्यांवाचून उभा राहिला नाही. विणकर तिच्याजवळ येऊन उभे राहायचे ते आता गप्पा मारायला, आणि ती त्यांना हाकलायची.

पुढं एकदा ती माहेरी जत्रेला गेली. तिची भावजय कणसांच्या पदराची साडी नेसली होती आणि पदर डोक्यावर घेऊन सगळ्यांना दाखवत होती. हिला म्हणाली, “तुज्या नगरला असली मिळते का गं?” लंकाबाई म्हणाली, “मिळती.” एवढंच बोलली. हे मला बनुबाईनं सांगितलं, आणि सांगताना तिला राग आला होता, की ही बया पुढं काही बोलली कशी नाही.

लंकाबाई त्या स्टुलावर केस पिकेपर्यंत बसली. पट्टी मी मधून मधून आवळायचो, बदलावी लागली नाही. अंगठा लागून लागून ती चांदीसारखी लखलखायची. नंतर पोरी शिकायला आल्या. पहिली विजयमाला, एका विणकराची लेक. हुशार आणि तोंडाळ. पहिल्याच दिवशी तक्रार घेऊन तिच्यापुढं उभी राहिली.

“मावशी, ही पट्टी काढा ना. मला करंगळी आहे की.”

“असू दे,” लंकाबाई म्हणाली. “हे मशीन अंगठ्याचं हाय. बस. ओळ वाच.”

विजयमाला अंगठ्यानं शिकली. तिच्यामागून आलेल्या साऱ्या जणी अंगठ्यानंच शिकल्या. दहा बोटांच्या पोरी उजवी करंगळी हवेत उचलून पत्ते पाडायच्या. मी निवृत्त झालो त्या दिवशी शेडमध्ये शेवटची चक्कर मारली, तेव्हाही एक जण तशीच बसली होती, आणि आवाज सरळ येत होता.